सहीच्या वरची ओळ

आमच्या गल्लीत नवा रेडिओ, टेप, पंखा, मिक्सर, काहीही आलं की लोक आधी त्याला हळदकुंकू लावत आणि मग अयूबभाईंकडे नेत. अयूबभाई ती वस्तू खोलत. बिघडलेली नव्हे, चांगली चालू, कालच खोक्यातून निघालेली. त्यांचं म्हणणं असं की कंपनीत माल घाईत बनतो आणि चंद्रपूरच्या हवेत अर्धा कोळसा असतो, तेव्हा पहिल्याच दिवशी आत नजर टाकलेली बरी. झाकण काढून ते डोळ्याला भिंग लावत, कुठं सोल्डरिंगचा डाग कच्चा दिसला तर पक्का करत, झाकणाच्या आतून पेन्सिलीनं तारीख घालत आणि सगळं होतं तसं बंद करून म्हणत, 'न्या. काही झालं तं मी बसलो हाये इथी.' याचे ते पैसे घेत नसत. जटपुरा गेटाजवळच्या सहा फुटी दुकानात पस्तीस वर्षं या एका वाक्यावर त्यांचं नाव चाललं.

शेजारचं झेरॉक्सचं दुकान माझं. मला सगळे भैयाजी म्हणतात. माझा स्वभाव तिरसट आहे असं घरचे सांगतात, आणि बहुमत त्यांचं असल्यानं मी वाद घालत नाही. पण अयूबभाईंशी माझं कधी वाकडं आलं नाही. त्यांची मुलगी कहकशाँ माझ्याच दुकानात बसून टायपिंग शिकली. त्यामुळं ही गोष्ट सांगायचा मला थोडा अधिकार आहे, आणि या गोष्टीतल्या दोषातला थोडा वाटाही माझाच आहे.

२००८ सालच्या मार्चमध्ये कहकशाँनं लॅपटॉप घेतला. पैसे तिचे, पाच वर्षं टायपिंग करून जमवलेले. वनहक्काचा कायदा नुकताच लागू झाला होता आणि एटापल्लीकडं गावोगावचे दावे भरून घेणाऱ्या एका संस्थेला टाईप करणारं माणूस हवं होतं. अट एकच, मशीन स्वतःची पाहिजे. घेतला तो जाहिदच्या दुकानातून. जाहिद लहानपणी अयूबभाईंच्या हाताखाली दोन वर्षं होता, आता त्याचं कॉम्प्युटरचं मोठं दुकान. त्यानं उस्तादांना खरेदीच्या भावात दिला आणि म्हणून बिलही उस्तादांच्याच नावानं फाडलं. तेव्हा त्यात कोणाला काही वावगं वाटलं नाही.

दुपारी लॅपटॉप घरी आला. कहकशाँ आईला, शमसुन्निसाभाभींना, घेऊन मशीनसाठी पिशवी आणायला बाजारात गेली. दुसऱ्या दिवशी तिला निघायचं होतं. इकडं अयूबभाईंनी तो काळा लॅपटॉप दुकानाच्या टेबलावर ठेवला, हात धुतले, बिस्मिल्ला म्हटलं आणि मला हाक मारली. मी गेलो. मला गंमत पाहायची होती, दुसरं काय. खालच्या एका स्क्रूवर छोटं कागदी सील होतं, त्यावर इंग्रजीत लिहिलेलं, हे निघालं तर वॉरंटी संपली. मी ते वाचून दाखवलं. अयूबभाई हसले. तापवलेलं सोल्डरिंगचं आयर्न त्यांनी त्या सीलवर बोटभर अंतरावर धरलं, ब्लेडच्या पात्यानं ते हलकेच उचललं आणि काचेवर चिकटवून ठेवलं. निघणारे स्क्रू मी स्टीलच्या डब्याच्या झाकणात धरत होतो. त्यांनी आत पाहिलं, मान डोलावली, तारीख घातली, बंद केलं, सील परत लावलं. कंपनीच्या मालकालाही कळलं नसतं.

मग मी झाकण परत दिलं, तर त्यात एक स्क्रू उरला होता. तिळाएवढा.

अयूबभाईंचा चेहरा मी तसा आधी कधी पाहिला नव्हता. त्यांना कळलं होतं तो कुठला, आतला पंखा ज्या पट्टीनं दाबून बसतो त्या पट्टीचा. परत खोलावं तर सील दुसऱ्यांदा उचललं की फाटतं. तेवढ्यात कहकशाँ पिशवी घेऊन हसत दारात आली. अयूबभाईंनी स्क्रू मुठीत धरला. मीही गप्प राहिलो. एका स्क्रूनं काय होतं, असं मी नंतर त्यांना म्हणालो, आणि त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं की मी परत तो विषय काढला नाही.

वर्ष गेलं. कहकशाँचं एटापल्लीला छान बस्तान बसलं. रस्ता पाच-सहा तासांचा, त्यामुळं ती ईदला यायची नाहीतर बसस्टँडवरच्या फोनवरून बोलायची. हळूहळू थोडी गोंडी बोलायला लागली. फोनवर अयूबभाई तिची तब्येत एकदा विचारत आणि मशीनची तीनदा. डिसेंबरात ती म्हणाली, मशीन कधी कधी तापून बंद पडते, इकडं व्होल्टेजच तसं आहे. फोन ठेवून अयूबभाई माझ्या दुकानात येऊन बसले आणि ती काय म्हणाली ते सांगितलं. व्होल्टेजचा काही संबंध नव्हता. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

मग मार्च आला आणि संस्थेचं पत्र. कामाचा करार आणखी दोन वर्षं वाढवायचा तर मशीनला पुढच्या दोन वर्षांची वॉरंटी असल्याचा कागद जोडा. आदल्या साली दुसऱ्या एका ऑपरेटरची मशीन बंद पडून साठ कुटुंबांचे दावे नाहीसे झाले होते, जमिनीची मोजणी पुन्हा करावी लागली होती. म्हणून हा नियम. पहिल्या वर्षाची वॉरंटी चौदा मार्चला, शनिवारी संपणार होती. वाढीव घ्यायची तर त्या दिवसापर्यंतच, आणि कंपनीचा माणूस नागपूरहून मशीन तपासायला जाहिदच्या दुकानात त्याच शनिवारी येणार होता. कागद नाही तर काम नाही, एवढं सरळ होतं.

कहकशाँनं फोनवर वडिलांना विचारलं, घ्यायची का? पैसे साडेसहा हजार. तिला वाटलं हो म्हणतील. अयूबभाई म्हणाले, विचार करू.

त्या आठवड्यात त्या माणसानं जेवढी कारणं शोधली तेवढी कोर्टातल्या वकिलानंही शोधली नसती. सोमवारी म्हणाले, नाकापेक्षा मोती जड, एवढ्या पैशात निम्मी दुरुस्ती होते. मंगळवारी त्यांनी जाहिदकडून छापील माहिती आणवली आणि मला वाचायला लावली. बॅटरी धरलेली नाही, पडझड धरलेली नाही, पाणी धरलेलं नाही. घरपोच सेवा आहे, पण ती चंद्रपूर शहरात. एटापल्लीला इंजिनीअर जाणार नाही, मशीनच इकडं आणायची. 'मंग हे घेऊन फायदा काय?' असं ते मलाच दरडावून विचारू लागले, जसा काही मी विकायला बसलो होतो. गुरुवारी त्यांना शंका आली की हा प्रकार विम्यातला तर नाही, मग घ्यावा की नाही हे मौलवीसाहेबांना विचारायला हवं. आता, अयूबभाईंची स्वतःची आयुर्विम्याची पॉलिसी भरून झाली होती आणि त्या पैशात घरावर स्लॅब पडला होता. शमसुन्निसाभाभींनी वर स्लॅबकडं पाहिलं आणि भाजी ढवळत राहिल्या.

मला मात्र हसू येत नव्हतं. ही सगळी कारणं खोटी नव्हती, एकेक खरंच होतं. पण खरं कारण छापील कागदाच्या शेवटच्या पानावर होतं. सहीच्या वर एक ओळ. मशीन कंपनीच्या माणसाखेरीज कोणीही कधीही खोललेली नाही, असं मी लिहून देतो. खाली बिलावर ज्याचं नाव आहे त्याची सही.

शुक्रवारी दुपारी मी त्यांना बोललो. म्हणालो, सही करून टाका. तुमचं काम इतकं साफ आहे की कोणाला कळणार नाही. मशीन तापते, ती परत बिघडेल, आणि बिघडली तर कंपनीनं नीट करून द्यावी म्हणून तर ही वॉरंटी. तुम्हालाच तिची सगळ्यांत जास्त गरज आहे.

'म्हूनच तं,' ते म्हणाले. 'चूक माही, अन् भरपाई त्याहीनं करायची, तेही माह्या खोट्या सहीवर. आजपर्यंत खोललेल्या वस्तूले मी नाई खोलली असं कधी म्हटलं नाई, भैयाजी.'

'मग पोरीला सांगा.'

'सांगतलं तं तिचं काम जाते.'

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. मी चहा मागवला आणि तो आम्ही दोघांनीही प्यायला नाही.

शनिवारी कहकशाँ पहाटेच्या गाडीनं निघून अकराच्या सुमारास उतरली, तोंडावर ओढणी, ओढणीवर आलापल्लीपासूनची धूळ. अडीच​ची परतीची गाडी पकडायची होती, दुसऱ्या दिवशी एका गावची ग्रामसभा होती. पाणी पिऊन ती तशीच निघाली. बाप पुढं, ती मागं, आणि मी कारण नसताना सोबत. अयूबभाईंनीच चला म्हटलं होतं. जाहिदच्या दुकानापर्यंत दहा मिनिटांची वाट. अख्ख्या वाटेत अयूबभाईंचा उजवा हात सदऱ्याच्या खिशावर होता आणि मला ठाऊक होतं त्या खिशात कागदाच्या पुडीत काय आहे.

नागपूरचा माणूस कोवळा होता, टाय लावलेला, घामाघूम. त्याच्यापुढं आमच्याआधी चार मशिनी होत्या. आमचा नंबर यायला सव्वाएक वाजला. त्यानं मशीन चालू केली, बटणं दाबली, पडदा पाहिला. मग उलटी केली आणि सीलवर बोट फिरवलं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते त्या दिवशी मी स्वतः भोगलं. त्यानं बोट एकदा फिरवलं, परत फिरवलं आणि डोळे जवळ नेऊन पाहिलं.

'फर्स्ट क्लास ठेवली मशीन,' तो म्हणाला आणि फॉर्म पुढं सरकवला.

कहकशाँनं पैशाचं पाकीट काढलं. जाहिदनं उस्तादांना खुर्ची दिली, पेन दिलं. अयूबभाईंनी चष्मा लावून पान पहिल्या शब्दापासून वाचायला घेतलं. त्यांचं इंग्रजी हळू चालतं, रेडिओच्या माहितीपुस्तकांवर शिकलेलं. घड्याळात पावणेदोन होत आले. कहकशाँ म्हणाली, अब्बा, करा ना, गाडी जाईल. नागपूरवाला म्हणाला, चाचा, हे सगळं फॉर्मॅलिटी आहे, कोणी वाचत नाही. अयूबभाईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं. मी खरं सांगतो, मी डोळ्यांनी त्यांना करा म्हटलं. मला त्या पोरीचं काम वाचवायचं होतं आणि स्वतःची लाजही. दोन्हीतलं जास्त काय होतं ते विचारू नका.

त्यांनी पेनचं टोपण लावलं.

'ही मशीन मी खोलली हाये,' ते म्हणाले.

नागपूरवाल्याला वाटलं म्हातारा मस्करी करतो. सील शाबूत आहे, तो म्हणाला. अयूबभाईंनी त्याला सील कसं काढलं ते सांगितलं, आयर्न किती अंतरावर धरलं तेसुद्धा. मग खिशातली पुडी काढून टेबलावर उलगडली. तो तिळाएवढा स्क्रू पांढऱ्या फॉर्मवर पडला. जाहिदनं कपाळाला हात लावला. तो बिचारा अजूनही सावरायला पाहत होता, म्हणाला, उस्ताद, साहेबांनी काही ऐकलं नाही, तुम्ही सही करा. नागपूरवालाही गप्प होता. त्यालाही महिन्याचं टार्गेट असेल. आणखी एक क्षण सगळे जण त्या सहीची वाट पाहत थांबलो. अयूबभाईंनी फॉर्म त्याच्याकडं परत सरकवला.

बाप-लेक आपसात एरवी हिंदीतच बोलत. त्या दिवशी ती मराठीत बोलली. मलाही ऐकवायचं असणार.

'कधी खोलली?'

'आणली त्याच दिवशी.'

'काकाले मालूम होतं?'

मी हो म्हणून मान हलवली.

ती रागानं लाल झाली नाही, रडली नाही. पाकीट पिशवीत परत ठेवलं आणि नागपूरवाल्याला विचारलं, आता हा स्क्रू बसवून देता का, होईल ते पैसे घ्या. तो म्हणाला, आता मी हात लावू शकत नाही, नागपूरला पाठवावी लागेल, महिना लागेल. तेव्हा तिनं मशीन उलटी करून वडिलांसमोर ठेवली आणि खोला म्हणाली. इथंच, आत्ता.

जाहिदनं पेचकस आणून दिले. आजूबाजूला गिऱ्हाइकं उभी. पस्तीस वर्षं मी अयूबभाईंचे हात पाहत आलो, पाण्यासारखे चालायचे. त्या दिवशी पेचकस खाचेतून दोनदा निसटला. सील या वेळी खरंच फाटलं. निघणारे स्क्रू या वेळी मी धरले नाहीत. कहकशाँनं आपल्या तळहातावर घेतले, ओळीनं, कुठला कुठला ते पाहून. पंख्याची पट्टी एका बाजूनं उचलली गेली होती, तिच्याखाली धूळ घट्ट बसली होती. अयूबभाईंनी ब्रशनं ती काढली, स्क्रू बसवला. परत लावताना कहकशाँ एकेक स्क्रू त्यांच्या हातात देत गेली आणि शेवटी तळहात रिकामा करून दाखवला.

बसस्टँडवर मी आणि अयूबभाई तिच्यामागं गेलो. गाडी लागलेली होती. पायरीवर पाय ठेवून ती वळली.

'अब्बा, खरं तुमी बोलले, अन् काम माहं जाऊन राह्यलं,' ती म्हणाली आणि आत जाऊन बसली.

त्यानंतर तीन दिवस अयूबभाईंनी दुकान उघडलं पण कोणाची वस्तू घेतली नाही. लोक आले की म्हणत, दुसरीकडं न्या. एक बाई नवा मिक्सर घेऊन आली, त्याला त्यांनी हातही लावला नाही. मला त्यांचा राग आला होता आणि माझा स्वतःचाही, आणि दोन्ही राग कुठं काढायचे ते न कळून मी गिऱ्हाइकांवर काढत होतो. बुधवारी सकाळी ते माझ्या दुकानापुढं धुतलेला सदरा घालून उभे राहिले. म्हणाले, एटापल्लीला जाऊन राह्यलो, येता का? मी शटर ओढलं.

गोंडपिपरी, मग पूल, आष्टी, मग जंगल. आलापल्लीच्या पुढं मोहफुलांचा वास गाडीत भरला. अयूबभाई त्या बाजूला पहिल्यांदाच येत होते. वर्षभर मुलगी ज्या रस्त्यानं येजा करत होती तो ते खिडकीतून पाहत होते आणि मध्येच म्हणाले, बापरे, एवढं दूर.

संस्थेचं ऑफिस म्हणजे टिनाच्या दोन खोल्या. तिथल्या प्रमुख ललिताताई, पन्नाशीच्या, सुती साडी, बोलणं कमी. कहकशाँ आतल्या खोलीत टाईप करत होती. आम्हाला पाहून उठली, पाणी दिलं आणि दाराशी उभी राहिली. बाकावर एक माडिया आदिवासी गृहस्थ बसले होते, पत्रू त्यांचं नाव, गावच्या दाव्याचं काय झालं ते विचारायला दोन डोंगर चालून आले होते.

अयूबभाईंनी ललिताताईंना सगळं सांगितलं. चूक माझी, पोरीला माहीतही नव्हतं, शिक्षा तिला नको. मशीन मी आता नीट केली आहे, चार दिवसांत एकदाही बंद पडली नसेल, विचारा तिला. ललिताताईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. बाई वाईट नव्हती. त्या म्हणाल्या, कहकशाँनं मला रविवारीच सगळं सांगितलं आहे, मला तिचं काम आवडतं, पण नियम वरून आला आहे. वॉरंटीची मशीन असलेला एक मुलगा नागपूरहून पहिल्या तारखेला येणार आहे. माझ्या हातात काही नाही.

हे ऐकून अयूबभाई उठायला लागले. तेवढ्यात बाकावरचे पत्रू बोलले. त्यांना सगळं समजलं नसेल, पण मशीन, कागद, कंपनी एवढे शब्द त्यांनी धरले होते. मशीनला ते पेटी म्हणत.

'मागच्या साली पेटी मेली,' ते ललिताताईंना म्हणाले. 'तिले कंपनीचा कागद होता का?'

'होता,' ललिताताई म्हणाल्या.

'मंग कंपनीनं काय देलं?'

'नवी पेटी दिली.'

'अन् आमचे कागद?'

टिनावर ऊन तापत होतं, पंखा बंद होता, वीज नव्हती. पत्रूंनी शांतपणे सांगितलं की आता त्यांच्या गावचे कागद त्यांच्या घरी आहेत, आढ्याला बांधलेले. ही पोरगी एकेका घराचा दावा लिहिते, गोंडीत वाचून दाखवते, आणि एक छापील प्रत गावात ठेवूनच पुढं जाते. पेटी मेली तर मरो. ललिताताईंनी कहकशाँकडं पाहिलं. कहकशाँ म्हणाली, प्रत्येक गावात एक प्रत दिली आहे, आणि दर शनिवारी सीडीवरही उतरवते, ती लोखंडी कपाटात असते. नियमात नव्हतं म्हणून सांगितलं नाही. मला ती पोर पहिल्यांदा नीट दिसली. माझ्या दुकानात बसून शिकली होती, पण हे मी शिकवलं नव्हतं.

ललिताताईंनी लगेच काही कबूल केलं नाही. त्यांनी पत्रूंना पुन्हा एकदा विचारून सगळं लिहून घेतलं, वर पाठवायला. आम्ही निघताना म्हणाल्या, जूनपर्यंत हीच काम करील, नागपूरच्या मुलाला मी थांबवते, पुढचं वर काय ठरतं त्यावर. दोन वर्षांच्या जागी अडीच महिने. पण कहकशाँच्या चेहऱ्यावरचा ताण जरा सैल झालेला दिसला.

ती आम्हाला गाडीवर सोडायला आली. वाटेत मी पुढं चालत होतो, मुद्दाम. मागून अयूबभाईंचा आवाज आला, बेटा, मी वर्षभरात कधीतरी सांगायले पायजे होतं. भीती वाटली. काहीतरी बिघडलंच हे माहीत असून रोज फोनवर विचारत होतो अन् सांगत नव्हतो. मी मागं वळून पाहिलं नाही, पण माझे कान तिकडंच होते.

आम्ही गाडीपाशी पोचलो. गाडीचा ड्रायव्हर चढला, इंजिन सुरू झालं.

'अब्बा, तुमी नवी वस्तू खोलता हे मले लहानपणापासून मालूम हाये,' ती म्हणाली. 'मशीन माही होती. मले विचारलं असतं, तं मीच म्हटलं असतं, खोला.'

अयूबभाई गाडीत येऊन माझ्याशेजारी बसले. आष्टीचा पूल जाईपर्यंत ते रडत होते, आणि मी खिडकीबाहेर पाहत होतो.